पादांगुष्ठवक्रता आणि अल्पछेद शस्त्रकर्म

पावलाच्या आतल्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी आलेला उंचवटा आणि दुसऱ्या बोटाकडे कललेला अंगठा घेऊन येणारे रुग्ण, त्यातही चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया, सामान्य चिकित्सालयात नित्य दिसतात. ‘अंगठ्याचं हाड वाढलंय’ ही त्यांची ठरलेली तक्रार असते. आधुनिक वैद्यकात या विकृतीस ‘हॅलक्स व्हॅल्गस’ व त्या उंचवट्यास ‘बनियन’ अशी संज्ञा आहे. (बनियन म्हटल्यावर आपल्याकडे अंगातला गंजीफ्रॉकच आठवतो; ‘बनियन पॅड’ मागणाऱ्या ग्राहकास शेजारच्या कापड दुकानाकडे धाडल्याचा किस्सा आमचे एक औषधविक्रेते स्नेही सांगत असतात.)

अलीकडे मोठ्या शहरांतून या विकृतीवर अल्पछेद पद्धतीने शस्त्रकर्म होऊ लागले आहे. त्याच्या जाहिराती वाचून रुग्ण वैद्याकडे येतो आणि विचारतो, “हे बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणे, कापाकापी काहीच नाही. करून घेऊ का?” या प्रश्नाचे उत्तर वैद्याला देता आले पाहिजे. ते देण्यासाठी एक गोष्ट आरंभीच ध्यानी घ्यावयास हवी. या शस्त्रकर्मात त्वचेवरील छेद तीन ते पाच मिलिमीटरचा असतो हे खरे. परंतु त्या छेदातून आत जाऊन अस्थी आरपार कापली जाते. कापाकापी होतेच, ती बाहेरून दिसत नाही एवढेच.

विकृतीचे स्वरूप

‘हाड वाढले’ हा समज मुळातच चुकीचा आहे. अंगठ्यामागील पहिली पादशलाका, म्हणजे पहिली मेटाटार्सल अस्थी, आपल्या जागेवरून पावलाच्या आतल्या कडेकडे सरकते आणि अंगठा नेमका उलट दिशेस, दुसऱ्या बोटाकडे वळतो. या दोहोंच्या मधला सांधा त्यामुळे बाहेर डोकावतो. आपल्याला दिसतो तो उंचवटा प्रामुख्याने त्या पादशलाकेच्या शिराचा असतो. पादत्राणाच्या घर्षणाने त्यावरील श्लेष्मपुटी सुजते, त्वचा जाड होते व लाली येते. अंगठा आपला भार उचलेनासा झाला की तो भार दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी जातो. तेथे चवड्याखाली घट्टा अथवा कुरूप तयार होते, आणि पुष्कळदा रुग्ण अंगठ्यासाठी न येता या कुरुपासाठीच येतो.

हे स्वरूप समजले की एक जुना प्रश्न सुटतो. नुसता उंचवटा तासून टाकण्याचे शस्त्रकर्म पूर्वी सर्रास होत असे. तरीही काही वर्षांनी विकृती पुन्हा का दिसे? तासले जात होते ते शिर. वाकडी झालेली रचना तशीच राहात होती.

वक्रतेचे मापन क्ष-किरण चित्रावर होते. अंगठा व पादशलाका यांमधील कोन सामान्यतः १५ अंशांपेक्षा कमी आणि पहिल्या व दुसऱ्या पादशलाकांमधील कोन ९ अंशांपेक्षा कमी असतो. पहिला कोन ४० अंशांच्या पुढे गेला की विकृती तीव्र समजतात. मात्र हे चित्र रुग्ण पायावर उभा असताना काढलेले हवे. झोपवून काढलेल्या चित्रात भार नसल्यामुळे वक्रता प्रत्यक्षाहून कमी दिसते. तालुक्याच्या ठिकाणी चिठ्ठी देताना ‘उभे राहून, दोन्ही पाऊले’ असे स्पष्ट लिहावे; अन्यथा रुग्णाचा खर्च वाया जातो.

हेतूंचा विचार करता अनुवंशिकता महत्त्वाची आहे. आई वा आजीचा अंगठा विचारल्यास बहुधा होकार मिळतो. तथापि पादत्राणांचा वाटाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. हाँगकाँग येथे पादत्राणे वापरणाऱ्या व अनवाणी वावरणाऱ्या चिनी लोकांची तुलना १९५८ साली प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या गटात ३३ टक्के, तर दुसऱ्या गटात अवघ्या १.९ टक्के लोकांत ही विकृती आढळली. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मध्ययुगीन दफनभूमींतील १७७ सांगाड्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकांतील सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांत अंगठा वळलेला होता. चौदाव्या व पंधराव्या शतकांतील सांगाड्यांत हेच प्रमाण २७ टक्के होते. मधल्या काळात तेथे टोकदार बुटांची प्रथा आली होती. आपल्याकडे रुंद तळाची अंगठ्याची चप्पल घालणाऱ्या स्त्रीची मुलगी कार्यालयात निमुळते बूट घालून आठ-दहा तास उभी राहते, हे निदानपरिवर्जनाच्या वेळी विसरू नये.

वातरक्त नव्हे

अंगठ्याच्या मुळाशी वेदना व शोथ दिसला की वातरक्ताचे निदान करून मोकळे होण्याची घाई आपल्या व्यवसायात फार आहे. त्यास आधारही आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात वातशोणिताचा आरंभ हातापायांतून होतो असे सांगितले आहे, आणि गाऊट या आधुनिक व्याधीचा पहिला वेग बहुसंख्य रुग्णांत याच सांध्यात येतो. परंतु दोहोंचा इतिहास निराळा असतो. गाऊटचा वेग एका रात्रीत उठतो, सांधा लालबुंद व उष्ण होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही आणि काही दिवसांत तो शमतो. बनियनची वेदना वर्षानुवर्षे हळूहळू वाढते, बूट घातल्यावर होते आणि बूट काढून अनवाणी बसले की कमी होते. रक्तातील युरिक आम्लावर सर्वस्वी विसंबू नये. गाऊटच्या ऐन वेगात ते प्राकृत मर्यादेत असू शकते, आणि ते वाढलेले असूनही दुखणे केवळ बनियनचे असू शकते. दोन्ही व्याधी एकाच पायात नांदताना दिसतात, हेही खरेच.

एका शिक्षिकेचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. वातरक्त समजून त्यांना अन्यत्र दोन वर्षे कैशोर गुग्गुळ, कडक पथ्य व अधूनमधून जलौकावचारण चालू होते. तूर, टोमॅटो, दही सर्व वर्ज्य. बाईंचे वजन उतरले, अशक्तपणा आला. अंगठा मात्र होता तेथेच. त्यांना वर्गात दिवसभर बंद बूट घालावे लागत हे कोणी विचारलेच नव्हते. रुंद पंजाचे मऊ बूट घेतल्यावर दीड महिन्यात वेदना निम्म्यावर आली. वक्रता अर्थातच तशीच आहे आणि त्यांना शस्त्रकर्म नको आहे. वेदना सुसह्य असताना तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

अंगठ्याचा सांधा वरच्या बाजूने उंचावलेला व ताठर झाला असेल तर ती सांध्याची झीज असते. अनेक लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजलेले असतील तर आमवातसदृश व्याधीचा शोध घ्यावा.

शस्त्रकर्माविना काय साधते

स्नेहन, स्वेदन, लेप, पादाभ्यंग यांनी वेदना व शोथ कमी होतो, स्नायूंना आराम पडतो. रुग्णाला ते हवे असते आणि देणे योग्यही आहे. परंतु कोणतेही तेल, गुग्गुळ कल्प वा लेप सरकलेली पादशलाका जागेवर आणीत नाही. रुग्णास हे पहिल्याच भेटीत सांगावे. अग्निकर्माने काहींना वेदनाशमन मिळते. पण मधुमेही रुग्णाच्या बधिर पावलावर, विशेषतः उंचवट्यावरील ताणलेल्या पातळ त्वचेवर, ते करणे म्हणजे व्रण ओढवून घेणे होय. शस्त्रकर्माचा दिवस ठरलेला असेल तर त्या पायावर अग्निकर्म, जलौका, क्षारलेप यांपैकी काहीही करू नये. त्वचा अभंग हवी.

बोटांमधील सिलिकॉनचे पाचर व रात्री बांधावयाच्या पट्ट्या यांचेही तसेच. त्या बांधलेल्या असेपर्यंत अंगठा सरळ दिसतो. काढल्या की पूर्ववत. फिनलंडमध्ये झालेली व २००१ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी या संदर्भात महत्त्वाची आहे. सौम्य व मध्यम विकृतीच्या २०९ रुग्णांची शस्त्रकर्म, बुटातील पादाधार आणि केवळ प्रतीक्षा अशा तीन गटांत विभागणी केली होती. सहा महिन्यांनी पादाधाराच्या गटालाही वेदनेत उतार होता. वर्षाअखेर तो लाभ टिकला नाही. शस्त्रकर्माच्या गटाची स्थिती अन्य दोहोंपेक्षा सरस होती.

लहान छेदामागील इतिहास

अस्थी कापून दिशा बदलण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. विषम जुळलेले भग्न पुन्हा मोडून, नीट बसवून त्याची भग्नवत् चिकित्सा करावी, असा विचार सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या अध्यायात आहे. यावरून सुश्रुताचार्यांनी बनियनचे शस्त्रकर्म सांगितले होते असा दावा कोणी करू नये. मात्र वाकडी अस्थी सरळ करण्यासाठी ती आधी तोडावी लागते हे तत्त्व आपल्या विद्यार्थ्यास समजावणे त्यामुळे सोपे होते.

युरोपात जिनिव्हाचे रेव्हर्डिन यांनी १८८१ साली पादशलाकेच्या शिराजवळ छेद घेण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून शंभराहून अधिक पद्धती वर्णिल्या गेल्या. एवढ्या पद्धती असणे हेच कोणतीही एक पद्धत सर्व रुग्णांना पुरत नसल्याचे द्योतक होय. खुल्या शस्त्रकर्मात अंगठ्याच्या कडेने काही सेंटिमीटरचा छेद घेऊन संधिकोष उघडतात. अल्पछेद पद्धतीचा आरंभ विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील पादचिकित्सकांनी केला. स्टीफन आयशम यांनी रेव्हर्डिन यांचा छेद बारीक यंत्राने, त्वचेखालून घेण्याची रीत १९९१ साली प्रसिद्ध केली. स्पेनमधील दे प्रादो यांनी तिचा युरोपात प्रसार केला. या पहिल्या पिढीत कापलेली अस्थी आतून स्थिर केली जात नसे, केवळ पट्टबंधावर भिस्त असे. ऑस्ट्रियाचे ब्योश यांच्या पद्धतीत एक तार घालून शिर सरकविलेल्या जागी धरून ठेवीत. तिसऱ्या पिढीत फ्रान्समधील वेर्नवा आणि इंग्लंडमधील रेडफर्न यांनी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा छेद आणि दोन स्क्रू यांची जोड दिली. त्यापुढील चौथ्या पिढीत छेद आडवा व सांध्याबाहेर घेतात, त्यामुळे शिर अधिक सरकविता येते.

इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २०१० साली या पद्धतींविषयीचा पुरावा अपुरा असल्याचे मत दिले होते. त्यानंतर पुष्कळ अभ्यास झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक तुलनेत अल्पछेद व खुले शस्त्रकर्म यांत वक्रतेची सुधारणा सारखीच आढळली. अल्पछेद गटाला पहिल्या सहा आठवड्यांत वेदना कमी होती. लाभ आहे तो मुख्यतः येथे: आरंभीची वेदना कमी, व्रणचिन्ह लहान, सांधा न उघडल्याने ताठरपणाची शक्यता कमी. वर्षभरानंतर खुल्या पद्धतीपेक्षा अंगठा कितीतरी अधिक सरळ राहील, असे वचन कोणी देत असेल तर त्याकडे साशंक दृष्टीनेच पाहावे.

प्रधानकर्म

घोट्याभोवतीच्या नाड्या बधिर करून अथवा कमरेतून भूल देऊन हे शस्त्रकर्म होते. रुग्णाचा पाय क्ष-किरण यंत्राच्या कक्षेत ठेवतात, कारण शल्यविदाला आतील अस्थी डोळ्यांनी दिसत नाही. तो पडद्यावरील चित्र आणि हाताला जाणवणारा विरोध यांवर काम करतो. छेदातून सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा फिरता कर्तक आत नेतात. दंतवैद्याच्या यंत्रासारखा तो भासतो, परंतु त्याची गती बरीच कमी व जोर अधिक असतो. गती अधिक ठेवल्यास उष्णता निर्माण होऊन अस्थी व त्वचा जळते. म्हणून थंड लवणजलाची धार सतत सोडावी लागते. पादशलाका कापून झाल्यावर तिचे शिर दुसऱ्या बोटाच्या दिशेस सरकवितात, प्रसंगी अस्थीच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक, आणि दोन स्क्रूंनी बद्ध करतात. आवश्यक तेथे अंगठ्याच्या पर्वास्थीतूनही पाचरीएवढा अंश काढून अंगठा सरळ करतात. एकिन यांनी १९२५ साली सांगितलेला हा छेद आजही चालतो. उरलेली टोकदार कड तासतात आणि हाडाची भुकटी बाहेर दाबून काढतात.

सरकविलेल्या शिराचा आधार कमी झालेला दिसतो, तरी अस्थी जुळते कशी, हा प्रश्न वैद्याला पडणे स्वाभाविक आहे. छेद लहान असल्याने अस्थिवेष्टन व त्यातील रक्तपुरवठा फारसा दुखावत नाही आणि मधल्या जागेत नवी अस्थी भरत येते. तीन महिन्यांच्या चित्रात ती अपुरी दिसली तरी लगेच घाबरण्याचे कारण नसते.

उपद्रव अर्थातच आहेत. अंगठ्याच्या वरच्या बाजूच्या त्वचेची बधिरता, स्क्रू टोचणे व तो काढावा लागणे, जंतुसंसर्ग, अस्थी उशिरा जुळणे वा न जुळणे, चवड्याखालील वेदना, विकृती पुन्हा उद्भवणे. शल्यविदाच्या अनुभवाशी यांचा निकटचा संबंध आहे. ही पद्धत हाती बसण्यास वीस ते चाळीस शस्त्रकर्मे लागतात असे निरनिराळ्या अभ्यासांतून दिसते. ‘आपण अशी किती शस्त्रकर्मे केली आहेत?’ हा प्रश्न रुग्णाने शल्यविदास विचारण्यात कोणताही अवमान नाही. वैद्यानेच त्याला तो विचारावयास सांगावे.

कोणाला पाठवावे, कोणाला नाही

योग्य पादत्राणे वापरूनही चालण्याफिरण्यास बाधा आणणारी वेदना हे शस्त्रकर्माचे मुख्य कारण. वेदना नसताना केवळ दिसण्यासाठी शस्त्रकर्म करून घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. लग्नाच्या मुलीला सँडल शोभावे म्हणून विचारणारे पालक आता येऊ लागले आहेत. सांध्याची पुष्कळ झीज झाली असेल तर सांधा कायमचा जखडणे श्रेयस्कर ठरते. अस्थिवाढ पूर्ण न झालेल्या मुलांत शक्यतो थांबतात.

पाठविण्यापूर्वी पावलाच्या वरील भागातील नाडी हाताने पाहावी. ती लागत नसेल, मधुमेह अनियंत्रित असेल, तळव्यास स्पर्श कळत नसेल, तर तसे चिठ्ठीत लिहावे. तंबाखूची चौकशी करताना स्त्रियांना मिश्रीविषयी मुद्दाम विचारावे. ‘तंबाखू खाता का?’ म्हटले की त्या नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासण्याची वस्तू असते. निकोटिनमुळे अस्थिसंधानास विलंब होतो, त्यास मात्र हा भेद ठाऊक नसतो. जोडवी आधीच काढून ठेवावयास सांगावे. पाय सुजल्यावर ती कापून काढण्याची वेळ येते, आणि सौभाग्यलेणे कापले गेल्याचे दुःख रुग्णेला शस्त्रकर्मापेक्षा अधिक होते.

रुग्ण घेत असलेल्या आपल्या औषधांची संपूर्ण यादी शल्यविद व भूलतज्ज्ञ यांच्याकडे गेली पाहिजे. गुग्गुळ कल्प, लसूण, हळदीचे अर्क यांचा रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होऊ शकतो, तर अश्वगंधेसारखी द्रव्ये भुलीच्या औषधांची गुंगी वाढवू शकतात. अशी औषधे साधारणतः दोन आठवडे आधी थांबविण्याची शिफारस केली जाते. ‘आयुर्वेदिक आहे, सांगायची गरज नाही’ असे रुग्ण समजतो. रक्तस्राव झाला तर दोष मात्र शास्त्राला लागतो.

पश्चात्कर्म

बहुतेक रुग्ण त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी ताठ तळाची विशेष चप्पल घालून चालू लागतात. म्हणून ते कामाला लागू शकतात असे नव्हे. पहिले दोन आठवडे पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवून विश्रांती, सुमारे सहा आठवडे ती चप्पल, नंतर रुंद बूट, हा सर्वसाधारण क्रम असतो. सूज तीन ते सहा महिने, क्वचित त्याहूनही अधिक राहते. उकिडवे बसल्यास अंगठ्याच्या सांध्यावर मोठा ताण येतो. भारतीय पद्धतीचे शौचालय असणाऱ्या घरी खुर्चीची सोय आधीच करून ठेवावी. पाश्चात्त्य देशांत छापलेल्या सूचनापत्रांत हे नसते.

व्रण भरेपर्यंत अभ्यंग, लेप, उपनाह काहीही नको. त्वचा बधिर असताना स्वेदन केल्यास भाजते आणि रुग्णाला कळतही नाही. व्रण पूर्ण भरल्यावर, शल्यविदाच्या संमतीने, हलका पादाभ्यंग व अंगठ्याची हालचाल यांचा चांगला उपयोग होतो. लाक्षा व अस्थिशृंखला भग्नात परंपरेने दिल्या जातात; द्यावयाच्या तर शल्यविदाच्या माहितीने द्याव्यात आणि अस्थी जुळल्याचे श्रेय त्यांच्याकडे ओढू नये. ज्वर, व्रणातून स्राव, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे, अंगठा निळसर पडणे, पोटरी सुजणे यांपैकी काही दिसल्यास औषध न देता रुग्णास त्याच दिवशी शल्यविदाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या काउंटरवर या विकृतीसाठी सर्वाधिक मागितली जाणारी वस्तू म्हणजे कॉर्न कॅप. तिच्यात त्वचा विरघळविणारे सॅलिसिलिक आम्ल असते. उंचवट्याला कुरूप समजून ती लावली की खालची पातळ त्वचा जळते आणि श्लेष्मपुटीपर्यंत व्रण होतो. मधुमेही रुग्णात या व्रणाचा शेवट बोट गमावण्यात होऊ शकतो. म्हणून कॉर्न कॅप देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: कोठे लावणार, आणि साखर आहे का? उंचवट्यासाठी नुसते मऊ पॅड द्यावे. सिलिकॉनचे पाचर दिल्यास बोटांमधील त्वचा रोज पाहण्यास व कोरडी ठेवण्यास सांगावे. रात्रीच्या पट्टीच्या खोक्यावर वाकड्या व सरळ अंगठ्याची शेजारी-शेजारी छायाचित्रे छापलेली असतात. ग्राहकाने ती दाखवून ‘किती दिवसांत असं होईल?’ असे विचारले, तर पट्टी बांधलेली असेपर्यंतच, हे उत्तर द्यावे. एखादी विक्री बुडेल, पण तो ग्राहक पुढच्या वेळी आपल्याकडेच येईल.